मागचा दिसेपर्यंत

भट्टीवाल्याचा राग नाकावर असतो, हे त्याच्या बेकरीतल्या पावांनासुद्धा माहीत होतं. पण त्या दिवशी तो पहाटेपासून गप्प होता, आणि तेच वाईट लक्षण होतं. कारण, अर्थातच, डोंगरावर बरोबर येणारा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने चष्मेवाला, आणि तोंडाचा पट्टा असा की गिऱ्हाईक चष्मा घ्यायला येई आणि कान दुखवून परत जाई.

तिसरा गडी मास्तर. शाळेपासूनचा दोस्त, गणित शिकवणारा, आयुष्यात पोरांवर कधी आवाज न चढवलेला. गेल्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी आत एक नळी बसवली. आता हळूहळू डोंगर चढायला हरकत नाही म्हणाले होते. सकाळी दारात मास्तरच्या बायकोने भट्टीवाल्याला बाजूला घेतलं.

"भाऊ, मी यांना तुमच्या हवाली करतेय. सगळं नीट ऐकतात, पण स्वतःचं काही सांगत नाहीत."

"वहिनी, निर्धास्त राहा," भट्टीवाला म्हणाला.

या तिघांचा डोंगरावरचा एकच नियम होता, आणि तो मास्तरनेच घातलेला होता. वाटेला फाटा फुटला की पुढच्याने थांबायचं. मागचा माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. इतकी वर्षं तो पाळला म्हणून एवढ्या धुक्या-पावसातही कुणी चुकलं नव्हतं.

पहिल्या चढालाच मेहुण्याने मास्तरची पिशवी ओढून घेतली. "आण इकडे. तू नुसता हात हलवत चल." मास्तर संकोचला, पण त्याने दिली. भट्टीवाल्याला हे मनापासून आवडलं, आणि मेहुण्याचं काही आवडलं याचाच त्याला राग आला.

तो पुढे, मधे मास्तर, शेवटी मेहुणा. मोठ्या फाट्यावर भट्टीवाला थांबला. वळणावर मास्तरची पिवळी टोपी दिसली, मास्तरने हात केला, तेव्हाच तो डावीकडे वळला. वर पत्र्याचं खोपटं होतं. तिथे जाऊन चहा टाकावा, मास्तर दमून येईल तेव्हा गरम घोट तयार असावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

चहा उकळला आणि निवला. खालून धुकं चढलं, वारा सुटला. आणि खोपटाच्या मागच्या बाजूने, जिथे वाटच नाही तिथून, मेहुणा उगवला. घामाघूम, पण खूश.

"बघितलंत भावोजी? त्या नाल्यातून सरळ वर. पाऊण वाट वाचली. आहे की नाही डोकं?"

"मास्तर कुठाय?"

"मास्तर? तो तर तुमच्यामागे होता ना?" मेहुण्याने खांद्यावरच्या दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या. "येईल हो. कुठे तरी पानं-फुलं बघत बसला असेल."

भट्टीवाल्याने मास्तरची पिशवी उघडली. जाड जाकीट. पाण्याची बाटली. गोळ्यांची डबी. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मास्तर कुठे आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं. मास्तर फाट्यावर उभा असणार. मागचा दिसत नाही तोवर हलायचं नाही म्हणून, पातळ सदऱ्यावर, वाऱ्यात, या दीडशहाण्याची वाट बघत.

"तुझ्या अकलेला आग लाव," तो म्हणाला. "मास्तरला काही झालं ना, तर तुला बहीण नाही आणि मला मेहुणा नाही."

पिशवी घेऊन तो उतरत सुटला. फोन लागत नव्हता. दोनदा घसरला, गुडघा फुटला. सगळ्या वाटेने तो शिव्या घालत होता, मेहुण्याला, धुक्याला आणि 'निर्धास्त राहा' म्हणणाऱ्या स्वतःच्या तोंडाला.

मास्तर फाट्यावरच होता. दगडाला टेकून उभा, ओठ निळे, हात काखेत. भट्टीवाल्याने जाकीट चढवलं, गोळी जिभेखाली ठेवली. मास्तरने त्याची बाही धरली. हाका मारून मारून त्याचा घसा बसला होता.

"तो मागे होता. नाल्यात दगड गडगडल्याचा आवाज आला, भट्टी. मी खाली जायला निघालो, पण दम लागला. जाववलंच नाही. तू जा, बघ लवकर."

 एवढ्यात वरून पावलं वाजली आणि धुक्यातून मेहुणा आला. चेहरा पडलेला.

"मास्तर, चुकलं रे. मला वाटलं, तू गेला असशील पुढे."

मास्तर दगड सोडून त्याच्याकडे गेला. आणि त्याने मेहुण्याला मारायला सुरुवात केली. दोन्ही मुठींनी, छातीवर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे. मुठीत जोर नव्हता. फाटक्या आवाजात तो एकच म्हणत होता, "मेलास समजलो होतो मी. मेलास समजलो होतो." मेहुणा हात खाली सोडून उभा होता.

खरं तर हे काम भट्टीवाल्याने उतरताना सगळ्या वाटेने मनात धरलं होतं. आणि आता त्यालाच मधे पडावं लागलं. "पुरे, मास्तर. छातीला झेपायचं नाही. पुरे." त्याने मास्तरला मागून कवटाळून धरलं, तेव्हा मास्तरची छाती त्याच्या हाताखाली धडधडत होती. ती थोडी शांत होईपर्यंत त्याने मिठी सोडली नाही.

उतरताना मेहुण्याला पुढे घातलं.  खालच्या फाट्यावर तो थांबला आणि तोंड वर करून वाट बघत राहिला. भट्टीवाल्याने मास्तरला मुद्दाम एका खडकाआड बसवलं. तिथून त्यांना तो दिसत होता, त्याला हे दिसत नव्हते.

थोड्या वेळाने खालून हाक आली, "मास्तर?" मग पुन्हा, जरा मोठ्याने. आवाज कापरा होता.

"चल," मास्तर म्हणाला. "घाबरलाय तो."

"घाबरू दे. अजून थोडं कळू दे त्याला."

"मला माहितीये ते कसं असतं," मास्तर म्हणाला, आणि खडकाला धरून उठला.