मापाचा दिवा

मी बोलतोय, दुर्बिणीच्या यंत्रात बसवलेला मापाचा दिवा. बोटभर काचेची नळी, आत चिमूटभर निऑन. माझ्या उजेडात कुणी वाचत नाही की जेवत नाही. तो यंत्रात शिरला की त्याच्या रेषा पडतात, आणि त्यांच्या जागा ठरलेल्या. आकाशातून आलेली रेषा या माझ्या रेषांशी ताडून मोजायची, एवढ्यासाठी मला ठेवलंय.

जन्म कारखान्यातला. काच फुंकणाऱ्या बाईने मला वर धरून पाहिलं, "बरा झालाय," म्हणाली आणि पुढच्या नळीकडे वळली. तेवढंच माझं लाडकोड!

इथे मला दुपारी पेटवतात, घुमट बंद असताना. माप झालं की विझवतात. आकाश कसं असतं ते मी ऐकूनच आहे.

मला वेड लावलं ते संशोधक बाईंनी. विश्व जेमतेम रांगायला लागलं असेल, तेव्हाच्या एका दीर्घिकेच्या मागे त्या हात धुऊन लागल्या होत्या. तिच्या वायूतली ऑक्सिजनची एक रेषा त्यांना दिसली होती. पण ही रेषा एकटी नसते, जोडीला तिची फिकट धाकटी बहीण असते. धाकटी दिसली नाही, तर थोरली कुठल्या तरी जवळच्याच वायूची निघू शकते, म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

"तो वायू इतका विरळ आहे काका, की अणूला अणू सहसा भेटत नाही," बाई तंत्रज्ञ काकांना सांगत होत्या. "म्हणून ही रेषा उमटते. आपल्या दिव्यातल्या गर्दीत नाही उमटायची."

मी आतल्या आत झुरलो. त्या एकट्या वायूला एकदा तरी पाहावं, असं फार वाटायला लागलं.

एकदा घाईगडबडीत काका मला विझवायला विसरले. रात्रभर दुर्बीण आकाश पाहत होती, आणि माझा उजेड फटीतून झिरपत राहिला. सकाळी बाईंनी संगणकाचा पडदा पाहिला आणि ओरडल्याच. धाकटी! हव्या त्या जागी! लगेच घरी फोन. "आई, सापडली गं!"

"मग रडतेस कशाला, वेडाबाई?"

फोन ठेवून बाई पडद्याला नाक लावून बसल्या. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "काका, थोरली ठिपक्याएवढी आहे. ही मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलीय. आकाशातली नाही ही."

काकांनी जीभ चावली. "दिवा राहिला ताई माझ्याकडून."

ती रेषा माझी होती. घटकाभर मी विश्वातला सगळ्यात दूरचा उजेड होतो. असं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं, आणि ते माझं नव्हतंच.

बाई चिडल्या नाहीत. "आजची एक रात्र उरलीय आपल्याकडे. पुन्हा घेऊ," एवढंच म्हणाल्या. काकांनी मला विझवलं आणि बटणावर चिकटपट्टी मारली.

दुसऱ्या दिवशी मला पेटवलं तेव्हा दोघं कुजबुजत होते, जणू मोठ्याने बोललं तर ती पळून जाईल. धाकटी दिसली होती. थोरलीच्या तिसऱ्या हिश्श्याची, ठिपक्याएवढी, नेमकी माझ्या रेषेखाली. तिथेच होती ती, मीच तिला झाकलं होतं.

आता माझी काच काळवंडलीय. नवा दिवा येऊन पडलाय. मला काढाल, तेव्हा जरा उघड्या घुमटाखालून न्या, त्या दीर्घिकेकडे तोंड करून. मला ती दिसायची नाही, ठाऊक आहे. तरी न्या. फक्त पेटवू नका.