घड्याळांना बांधलेले शब्द

इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि सातवीचा इंग्रजीचा तास माझ्या गळ्यात पडला. मी विज्ञान शिकवते. भाषा कशी शिकवतात हे मला ठाऊक नव्हतं, प्रयोग कसा करतात हे ठाऊक होतं. मुलं एकेक शब्द दहा वेळा लिहीत आणि अकराव्या वेळी विसरत. म्हणून मी माणसांच्या स्वभावाचे चाळीस शब्द निवडले आणि नियम घालून दिला: रोज जिथे तुमचा हात जातो, तिथे शब्दाची चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर फक्त इंग्रजी शब्द. अर्थ, खूण, चित्र, काही नाही. अर्थ डोक्यातून यायला हवा.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, मुख्याध्यापिकांनी म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी स्वतः परीक्षा घेतली. चाळीसपैकी चोवीस मिळाले नाहीत तर सोमवारपासून खालची तुकडी. तिथे इंग्रजी म्हणजे फळ्यावरचं वहीत उतरवणं, आणि तिथे गेलेलं मूल परत वर आलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्या वर्गातली एकच मुलगी घसरली: घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी, जिला सगळे टिकटिक म्हणत. तिला अकरा गुण होते. वर्गात ती तोंड उघडत नसे, त्यामुळे तिला खरोखर किती येतं हे मलाही सांगता येईना.

शनिवारी सकाळी तिच्यासाठी रदबदली करायला मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. माझं बोलणं सुरू होतंय तोच तिचे वडील आत आले. हातात पत्र्याचा ट्रे, त्यात सव्वीस घड्याळं, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.

"इंग्रजी कोण शिकवतं?"

"मी."

"मग हे बघा." त्यांनी एक घड्याळ उचललं. "यावर गिऱ्हाइकाचं नाव असायला हवं. चिठ्ठ्या आमची पोर लिहिते, माझं अक्षर मलाच लागत नाही. आज ती शाळेत गेली आणि एक गृहस्थ घड्याळ न्यायला आले. चिठ्ठ्या बघतो तर सगळं इंग्रजी. एक चिठ्ठी अक्षरं जुळवून वाचली आणि त्यांना विचारलं, तुमचं नाव स्टबर्न का? ते तडक निघून गेले."

मोठ्या बाईंनी खोकल्यासारखं केलं.

"पण घड्याळ कोणाचं, ते तुम्हाला ओळखता येत नाही?" मी विचारलं.

"घड्याळ ओळखतो हो. याची स्प्रिंग गेलीय, त्याचा काटा अडकतो. माणसं लक्षात राहत नाहीत. मान वर करतो कुठे मी? गिऱ्हाइकांशी तीच बोलते."

चूक माझी होती. चिठ्ठीवर शब्दाशिवाय काही नको, हे मीच बजावलं होतं, आणि तिच्या हाताखालून रोज जाणारी वस्तू म्हणजे ही घड्याळं. तिने नियम तंतोतंत पाळला आणि बापाची पंचाईत करून ठेवली.

मी तिची उत्तरपत्रिका मागून घेतली. 'इम्पेशंट'समोर तिने लिहिलं होतं, 'रोज दुपारी येऊन झालं का विचारणारे काका.' लाल फुली. 'फर्गेटफुल'समोर, 'घड्याळ ठेवून तीन महिने न आलेल्या आजी.' फुली.

"हे काय अर्थ झाले?" मोठ्या बाई म्हणाल्या. "या दुकानातल्या गप्पा आहेत."

"बाई, एकदा तोंडी तपासू या. ट्रे समोरच आहे. अट चोवीसचीच ठेवा."

"सव्वीसात चोवीस? आणि नाही जमलं तर?"

"तर सोमवारी मीच तिला खालच्या तुकडीत नेऊन बसवते."

टिकटिकला बोलावलं. ट्रे पाहून तिचा चेहरा पडला.

"तोंड पाडू नकोस," वडील म्हणाले. "आधी कोणाचं कोणतं ते सांग, मग ओरडतो."

ते एकेक घड्याळ पुढे धरू लागले. मोठ्या बाईंनी शब्दकोश उघडला. मी कागदावर रेघा मारू लागले.

"स्टबर्न. हट्टी. फाटका पट्टाच शिवून द्या म्हणणारे."

"सकाळचेच ते," वडील पुटपुटले. "शोभतं."

"क्युरियस. चौकस. बाबांनी घड्याळ उघडलं की काउंटरवर ओणव्या होऊन आत बघणाऱ्या डॉक्टरीणबाई."

तिचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. सोळा झाले, सगळे बरोबर. सतराव्याला ती थांबली.

"मॉडेस्ट. हा येत नाही. एक घड्याळ उरलं होतं, म्हणून बांधला."

एक गेला. एकविसाव्याला 'रेकलेस'चा अर्थ तिने धाडसी सांगितला. मोठ्या बाईंनी शब्दकोशातली ओळ वाचून मान हलवली. बेफिकीर हवं होतं. दुसरा गेला. आता एकही चूक परवडणार नव्हती. पुढचे चार तिने सावकाश, जपून सांगितले.

शेवटचं घड्याळ लहान आणि सोनेरी होतं.

"हे माझं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

टिकटिकने माझ्याकडे पाहिलं. ऐन प्रयोगात हात घालता येत नाही.

"सांग," एवढंच मी म्हणाले.

"सस्पिशस," ती म्हणाली. "संशयी. जुना सेल आधी दाखवा, मगच बदलला असं मानीन, म्हणणाऱ्या."

मोठ्या बाईंनी शब्दकोश मिटला.

"पोर आहे, बाई," वडील घाईने म्हणाले. "मनावर घेऊ नका."

"मी तसं म्हटलं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "शब्द अचूक आहे. चोवीस."

मग त्यांनी उत्तरपत्रिका ओढून घेतली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला लागल्या. एकेक फुली खोडली जात होती. मध्येच त्या हसल्या, कशाला ते सांगितलं नाही. शेवटी अकरावर काट मारून त्यांनी छत्तीस लिहिले.

"छत्तीस म्हणजे वरच्याच वर्गात ना?" वडिलांनी विचारलं.

"वरच्याच. आणि वर्गात तिसरी."

ते ट्रे मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. इतका वेळ ते उभेच होते. मोठ्या बाई स्वतः उठल्या, खालच्या तुकडीत जाणाऱ्यांची, एकाच नावाची यादी बाहेरच्या फलकावरून काढून आणली आणि तिचे दोन तुकडे केले.

"जा आता, तास चालू आहे," त्या टिकटिकला म्हणाल्या.

आमच्या शाळेत व्हरांड्यात धावायला मनाई आहे. ती टोकापर्यंत धावत गेली, आणि आम्ही दोघींनी दारातून बघत असूनही तिला हटकलं नाही.