कुलूपकाकांचा पहिला आक्षेप

सरकारी बालगृहाच्या कोठीची किल्ली ज्यांच्या कमरेला असायची, त्या भांडारपालांना पोरं कुलूपकाका म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्यांना बढतीसारखंच वाटायचं. त्यांच्या आधीच्या भांडारपालाने पोरांच्या चादरी परस्पर विकून खाल्ल्या होत्या. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेलं हे खातं ताकही फुंकून पीत होतं, आणि फुंकायचं काम काकांकडे आलं होतं.

काकांनी ते असं काही मनावर घेतलं की विचारू नका. नवे बूट हवेत, तर जुना आणून दाखवायचा. जुना धड असला तर, "अजून चालतोय की!" फाटलेला असला तर, "शिवून घे." शिवण्यापलीकडे गेलेला असला तर, "आणि याचा जोडीदार कुठाय?" जोडीदारासकट कोणी हजर झालंच, तर काका चष्मा पुसत म्हणत, "एवढी तपासणी होऊन जाऊ दे, मग बघू." कारण तपासणीला येणारे साहेब कोठीतल्या वस्तू मोजायचे, नोंदवहीशी ताडून बघायचे, चहा घ्यायचे आणि 'आक्षेप नाही' असं लिहून निघून जायचे. वस्तू वाटली की नोंद आली, नोंद आली की चूक आली. जी वस्तू वाटलीच नाही, तिच्या हिशेबात कोण कशाला चुकतंय?

अख्ख्या नोकरीत काकांवर एकही आक्षेप निघाला नव्हता. आता निवृत्ती तोंडावर आली होती. ही शेवटची तपासणी निभावली की निष्कलंक सेवेचं प्रशस्तिपत्र मिळणार होतं, आणि ते लावायला काकांनी घरच्या भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. ह्या माणसाने नवी वस्तू वापरायला काढली ती एवढीच, असं काकू शेजारणीला सांगत होत्या.

या खेपेला साहेब नाही, एक बाई आल्या. वयाने काकांच्या लेकीएवढ्या. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच काकांनी सावध व्हायला हवं होतं. पण बाई मोजायला बसल्या आणि काका खुलले. बूट, स्वेटर, रंगपेट्या, फुटबॉल, सगळं कसं कोरं करकरीत. बाईंनी एकेक खोकं उघडून पाहिलं. सगळं जुळलं.

"एक सुई इकडची तिकडे झालेली नाही," काका म्हणाले. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

"खरंच नाही," बाई म्हणाल्या. "पण काका, सगळं इथेच आहे, तर मुलांच्या पायांत काय आहे?"

काका गोंधळले. हा प्रश्न कुठल्याच साहेबाने विचारला नव्हता. बालगृहाच्या अधीक्षिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या घाईघाईने पुढे झाल्या. "मुलं आत्ता अभ्यासाला बसलीत."

नेमकी त्याच क्षणी अभ्यास सोडून एक मुलगी अंगणातून पळत गेली. एका जागी न टिकणारी म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिच्या एका बुटाचा तळ सुतळीने बांधलेला होता.

"इकडे ये गं," तपासणीच्या बाईंनी हाक मारली. "काका, हिला एक जोड द्या बरं."

"आधी जुना..." काकांच्या तोंडून सवयीने निघालं. बाईंनी नुसतं बघितलं. काकांनी मुकाट्याने कोठीतला सगळ्यात मोठा जोड काढून दिला. भिंगरी खाली बसली, पाय घातला, ओढलं, उठून उड्या मारल्या. टाच काही आत जाईना.

"हे लहानपणचे आहेत काका," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. "मी नवीन आले तेव्हा आले होते ना? माझ्यासाठी?"

काकांना आठवलं. तेव्हा ही रोज कोठीच्या दाराशी येऊन विचारायची, "माझे बूट आले का?" पुढे तिने विचारणं सोडलं, आणि पोरगी शहाणी झाली म्हणून काकांना बरं वाटलं होतं. आता त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोराने विकलेली चादर निदान कुणाच्या तरी अंगावर गेली होती. काकांनी राखलेले बूट कुणाच्याच पायात गेले नव्हते.

बाईंनी आक्षेप लिहिला: पैसे खर्च झाले, वस्तू आल्या, मुलांना मिळाल्या नाहीत. मग त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "काका, हा आक्षेप आमच्यावरही आहे. आम्हीही आजवर खोकीच मोजली. पुढच्या वेळी तपासणी अंगणातून सुरू करायची, असं मी वर कळवतेय. उद्यापर्यंत तुमचा खुलासा द्या."

बाई गेल्यावर मोठ्या बाईंनी दार लोटून घेतलं. "काका, 'आपत्काळासाठी राखीव साठा' असं लिहा. मी सही करते. आक्षेप निघून जाईल, तुमचं प्रशस्तिपत्र वाचेल."

लिहायला सोपं होतं. काकांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'आक्षेप बरोबर आहे.' सही केली. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

मग काकांनी कोठी सताड उघडली. जे ज्याला बसेल ते त्याचं. पोरांनी पहिल्यांदा विश्वासच ठेवला नाही. काकांना बरं वाटत नाहीये का, असं एकाने हळूच विचारलंही. अर्ध्या तासात अंगणात इतका गोंधळ माजला की शेजारचे डोकावून गेले. पण थोरल्या पोरांना काहीच बसलं नाही. त्यांच्यासाठी नव्याने मागवावं लागणार होतं.

काकांनी पुठ्ठा आणि पेन्सिल घेतली, कुरकुरत्या गुडघ्यांवर बसले आणि भिंगरीचा पाय पुठ्ठ्यावर ठेवून कडेने रेघ ओढू लागले.

"जरा मोठाच काढा काका," ती वाकून म्हणाली. "तुम्ही देईपर्यंत पाय वाढेल."

काकांची पेन्सिल थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही.

"नाही गं," ते म्हणाले. "आहे तेवढाच काढतो. आल्या दिवशी घालायचे."

"बघू," भिंगरी म्हणाली.