ढालकऱ्याचा वीस

मी एक जुना, वीस बाजूंचा फासा आहे, मित्रांनो. निळा, बोराएवढा. साच्यातून निघालो तेव्हा माझे आकडे दिसतच नव्हते. रोशननं पांढरा मेणखडू घासून ते भरले. आता त्यांत वणीच्या कोळशाची धूळ बसली आहे.

दर रविवारी अनिकेतच्या घरी सतरंजीवर चौघा मित्रांचा डाव बसायचा: अनिकेत, अनिमेष, दीपा आणि रोशन. राक्षस, किल्ले, भुयारं, सगळी तोंडी. अनिकेत गोष्ट सांगायचा, बाकीचे एकेक पात्र व्हायचे. वार लागला की हुकला, ते मी ठरवायचो; आकडा मोठा तितका वार पक्का.

रोशनला जादूगार व्हायचं होतं. अनिमेष म्हणाला, "तू तगडा हायेस बे, तू ढाल धर. मंत्र माह्यावर सोड." सगळे हसले. रोशनही हसला. अनिमेष जादूगार झाला, दीपा जखमा भरणारी वैद्य.

सुरुवातीला ढालकऱ्याची काय शान होती! तो पुढे, बाकीचे त्याच्या मागे. पण डाव वाढला तसे जादूगाराचे मंत्र वाढले. तो उडायला लागला. एका मंत्रात फौज जाळायला लागला. शेवटी त्यानं दगडाचा पहारेकरी उभा केला, तो रोशनपेक्षा बरा लढायचा! आणि ढालकऱ्याला काय मिळालं? आणखी जड ढाल. नियमच तसे, म्हणे. बदलायला कोणी हात धरले होते?

त्या रविवारी किल्ल्याचं दार फोडायचं होतं. रोशननं मला फेकलं. वीस! याहून मोठा आकडा माझ्या अंगावर नाही. तो ओरडत उभा राहिला.

"कायले नाचतं बे? दार मी आधीच उघडलं," अनिमेष म्हणाला. "माह्या मंत्राले फासा लागत नाही."

"तुझा वीस पुढच्या वेळी धरू," अनिकेत म्हणाला.

"मंग मी कायले येऊन राह्यलो इथं? सतरंजी दाबाले?"

रोशन उठून गेला तो पुन्हा डावाला आलाच नाही. दीपा एवढंच म्हणाली, "तुम्हीच घालवलं त्याले."

नंतर कोणीही मला फेको, मी घरंगळत रोशनच्या रिकाम्या जागी जायचो. वर वीस. अनिमेषनं उचलून पुन्हा फेकलं. पुन्हा तिथेच, पुन्हा वीस. मग मला हात लावायला कोणी धजेना. डाव मोडला.

आता मी पत्र्याच्या डब्यात आहे. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला की डबा थरथरतो, मी उलटतो, वीसवर थांबतो. आणि बाहेर फरशीवर, जी कधी खरी नव्हतीच ती जड ढाल घासत नेल्याचा आवाज येतो.

मित्रांनो, ढाल कोणी हौसेनं घेतली की तुम्ही त्याच्या गळ्यात मारली, ते आधी विचारा. नियम एकालाच मोठं करत असतील तर मोडा ते नियम. आणि कोणाच्या विसाला 'पुढच्या वेळी' म्हणू नका. मी अजून तो धरून बसलो आहे.