डोळा बघून घ्या

कमळीने भुवईपासून गालापर्यंत लावलेली चिकटपट्टी एका झटक्यात ओढून काढली. रुतिकाने शंभरदा सांगितलं होतं, आधी ओला कापूस फिरवायचा, मग कडेकडेने सोडवायची. पण एवढा धीर कमळीकडे जन्मात कधी होता? पट्टीबरोबर भुवईचे केसही निघून आले आणि ते तिला कळलंसुद्धा नाही. उजवा गाल, उजवी भुवई, ओठाची उजवी कड, सगळी बाजू ऑपरेशनपासून मुकी होती.

ती मोरीवरच्या आरशाशी वाकली. मासळीची परीक्षा करताना बघायची तसंच तिने उजव्या डोळ्याकडे बघितलं. फुगीर आहे का? आहे. चकाकतो का? चकाकतो. रात्री घातलेला मलम चकाकत होता, डोळा नव्हे, पण ते कोण लक्षात घेतो.

"कसा आहे?" स्वयंपाकघरातून रुतिकाने विचारलं. डबा भरता भरता ती रोज हेच विचारायची.

"ताजा."

"आई, मी डोळ्याचं विचारते, मासळीचं नाय."

"मी पन डोल्याचाच सांगते. ये, बग. कसा तुकतुकीत हाय."

सून हातात झाकण घेऊनच आली. तिने सासूची हनुवटी उचलली, मोबाइलची बॅटरी लावली आणि बघत राहिली. जासईच्या कंटेनर यार्डात ती ऑफिसात होती. बस चुकली की अर्धा दिवस गेला म्हणून समजायचं. तरी ती बघतच होती.

"लाल वाटतोय."

"रातचा मलम हाय. तू जा कामाला."

"दुखतंय?"

"कायपन दुखत नाय."

"तेच तर वाईट ना, आई. डॉक्टर काय बोलले, दुखत नाय म्हणून टेन्शन घ्या."

हे डॉक्टरांचं बोलणं कमळीला पहिल्यापासून पटलं नव्हतं. दुखलं की दुखणं, नाही दुखलं तर नाही. आयुष्यभर हा हिशेब बरोबर निघाला होता. बोटात मांगुराचा काटा घुसला की हात खांद्यापर्यंत ठणकायचा आणि ठणका थांबला की माणूस कामाला लागायचा. आता म्हणे कानाच्या नसेवरची गाठ काढताना चेहऱ्याच्या नसेला धक्का बसलाय. गाठ पुरती गेली, जीव वाचला, देवाची कृपा. उजवा कान गेला तो गेलाच. पण पापणी खाली पडत नाही, डोळ्याला पाणी सुटत नाही, आणि आत कचरा गेला तरी डोळा तक्रार करत नाही. नस हळूहळू जागी होईल, म्हणाले, कुणाची काही महिन्यांत होते, कुणाची वर्षात. तोवर दिवसभर थेंब घालायचे, रात्री पट्टी लावायची, वाऱ्यात जायचं नाही.

मागच्या खेपेला डॉक्टरांना बुबुळावर एक ओरखडा दिसला. तो भरला नाही तर बाहेरच्या बाजूने अर्धी पापणी शिवून टाकू, म्हणाले. थोड्या दिवसांसाठीच, नस जागी झाली की टाके काढू. रुतिकाने शहाण्यासारखी मान हलवली. कमळी घरी आली आणि जेवली नाही. तिचा डावा डोळा जन्माचाच कमजोर होता. जे काही बघितलं, ओळखलं, निवडलं, ते सगळं उजव्याने. अख्खा बाजार त्या डोळ्याला मानायचा. पांढऱ्या डोळ्याचा मासा तिने ताजा म्हणून कधी कुणाच्या पिशवीत घातला नव्हता. तो डोळा शिवून ती बसणार कशी आणि विकणार काय?

उद्या पुन्हा दाखवायला जायचं होतं. म्हणजे जे काही करायचं ते आजच.

रुतिका गेली. जाताना कमळीच्या फोनवर थेंबांचा अलार्म लावून गेली. डोळ्यात तेल घालून दुसऱ्याच्या डोळ्याची राखण करणारी पोर; कमळीला तिची कीव आली आणि रागही आला. तिने केर काढला. काढलेलाच पुन्हा काढला. टीव्ही लावला, बंद केला. खिडकीशी उभी राहिली. घरात बसून बसून तिच्या अंगाला मुंग्या आल्या होत्या. आपलं घर आपल्यालाच हाकलून लावतंय असं तिला आताशा वाटायचं. शेवटी तिने लुगडं बदललं, कमरेला पैशाची पिशवी बांधली, रुतिकाने आणलेला काळा गॉगल चढवला आणि दाराला कडी घातली. बाजारात शेजारी बसणाऱ्या सुंदराबाईला निरोप तिने कालच दिला होता.

सारसोळ्याचा मासळीबाजार कमळीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. खाडीचा वारा समोरून येत होता. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तेवढंच डॉक्टरांचं ऐकलं.

"कमले, गॉगल? शूटिंगला चाललीस काय?" सुंदराबाईने लांबूनच विचारलं. बाजूच्या बायका हसल्या. कमळीही हसली. तोंड डावीकडे ओढलं गेलं, तसा तिने पदर पुढे धरला.

"तोंडाला पदर काय धरतेस. आमाला काय तुजा लगीन लावायचा हाय?" म्हणत सुंदराबाईने कमळीच्या जागेवरचा पालथा क्रेट उचलला. इतके महिने ती जागा तिने त्या क्रेटनेच राखली होती. एकदोघींनी बसायचं बघितलं होतं, पण सुंदराबाईच्या तोंडाला कोण लागणार? करंजा बंदरातून आणलेल्या मालातली एक पाटी तिने कमळीपुढे सरकवली. सुरमया होत्या, थोडी कोलंबी, बोंबील.

सुंदराबाई मुद्दाम तिच्या डाव्या अंगाला बसली, ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला. कमळीने कोयती मांडली. बोंबील बघता बघता संपले, कोलंबीचे वाटे गेले. हातांना बर्फाचं पाणी लागलं, नखांत खवले बसले, आणि गाठ काढल्यापासून पहिल्यांदा तिला वाटलं की आपण जिवंत आहोत. तिला इतका आनंद झाला की तो दिसू नये म्हणून ती गिऱ्हाइकावर उगाच खेकसली.

गॉगलातून सगळी मासळी तपकिरी दिसत होती, म्हणून तो तिने केव्हाच काढून ठेवला होता. कमरेला अलार्म वाजला. थेंबाची बाटली पिशवीत होती, पण हात खवल्यांनी भरलेले. मनगटाने दाबून तिने तो बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. मग सुंदराबाईच म्हणाली, "काय गो, सारका कोन फोन करतंय?"

"कंपनीवाले," कमळी म्हणाली आणि फोनच बंद करून टाकला.

मध्येच एक खवला उडून चेहऱ्यावर आला. कुठे बसला ते तिला कळलं नाही. दुखलं नाही, तेव्हा तिने सोडून दिलं.

"कमळाबाई, किती हाका मारायच्या?"

सुंदराबाईने कोपराने ढोसलं तेव्हा कमळीने मान वळवली. उजव्या बाजूला स्मिताताई उभ्या होत्या, नेरुळच्या सोसायटीतल्या, कित्येक वर्षांचं गिऱ्हाईक. यांना मासळीतलं ओ की ठो कळत नसे, आणि कमळीला तेच आवडायचं. कमळीच्या पाटीचा नेमच होता, मासळीला हात लावायचा नाही. एखादी बाई बोटाने दाबायला गेली की कमळी म्हणायची, डोला माजा हाय, तुमी पैशे काडा.

"बऱ्या झालात ना? तुम्ही नव्हतात तर आमच्याकडे कोंबडीवरच भागत होतं. ह्यांना दुसऱ्या कुणाची मासळी चालत नाही. एक चांगली सुरमई द्या, तुम्हाला आवडेल ती."

"देते ना, ताई."

कमळीने वरची सुरमई उचलली, डोक्याकडून चेहऱ्याजवळ धरली आणि खाली ठेवली.

"ही नको तुमाला."

दुसरी उचलली. तिच्याही डोळ्यावर पांढुरकी साय धरलेली. तिसरीही तशीच. कमळीच्या डोक्यात तिडीक गेली. घरात पडलेली बाई, चार महिने बाजार बघितलेला नाही, चेहरा वाकडा, कान बहिरा. तिच्या पाटीत कालचा माल घातला तर काय कळणार, असं वाटलं असेल सुंदराबाईला. आणि मी हिला सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची मानते.

"सुंदराबाई, हा कालचा माल हाय."

सुंदराबाईची कोयती थांबली. "काय बोललीस?"

"कालचा माल मना दिलास. डोले बग, सगले पांढरे."

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. सुंदराबाईने हात पुसले, कमळीच्या हातातली सुरमई घेतली आणि अंगठ्याने कल्ला उघडून तिच्यापुढे धरला. आत लालभडक होतं. तिने मासा दाबला. मांस लगेच वर आलं.

"पहाटं बोटीवरशी उतरवलाय. वास घे. माज्या पोरांची शपत घेऊ का आता?"

कमळीने वास घेतला. वासात खोट नव्हती. अंग टणक, कल्ला लाल, वास समुद्राचा, आणि डोळा तेवढा शिळा. असं कधी होत नाही. तिने हात लांब करून सुंदराबाईच्या पाटीतली तांबोशी उचलली. तिचाही डोळा पांढरा.

तांबोशी हातात तशीच धरून ती बसून राहिली. मग दुसऱ्या हाताचं मनगट तिने उजव्या डोळ्यावर आडवं दाबलं. उरला तो जन्माचा कमजोर डावा. त्याला माशाची कड नीट दिसेना, खवले दिसेनात. पण फिक्या, पुसट डोक्यावरचा डोळा काळा होता. काळाभोर, ओला. तिने मनगट डाव्यावर नेलं. पांढरा. पुन्हा उजव्यावर. काळा.

"काय झालं?" स्मिताताईंनी विचारलं. "मला तर सगळ्या चांगल्याच दिसतायत."

कमळीने तांबोशी सुंदराबाईच्या पाटीत जिथून घेतली होती तिथेच ठेवली. आपली पाटी दोन्ही हातांनी पुढे ढकलली.

"ताई, आज तुमीच बगून घ्या."

"मी? मला कुठे कळतं त्यातलं?"

"डोला बगायचा. काला असला, फुगीर असला, चमकला, की घ्यायची. पांढरा असला तर सोडायची."

स्मिताताई वाकल्या. मासळीला हात लावावा की नाही ते त्यांना समजेना, कमळीकडे बघत त्यांनी बोट पुढे केलं. कमळीने अडवलं नाही. त्यांनी एक सुरमई निवडली. ती पहिलीच होती, कमळीने नको म्हणून बाजूला ठेवलेली.

"ही घेऊ?"

"घ्या. चांगली निवडलीत."

तुकडे तिने स्वतःच केले. ते हाताला ठाऊक होतं, त्याला डोळा लागत नव्हता. स्मिताताई गेल्यावर ती म्हणाली, "माजा चुकला, बाय."

सुंदराबाईने आधी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. राग होताच, शपथेपर्यंत गेलेला. मग ती उठली, कमळीच्या समोर येऊन बसली, हनुवटी धरून तिने चेहरा उजेडाकडे वळवला आणि उजव्या डोळ्यात बघितलं. पन्नास वर्षं मासळी बघितलेली बाई ती. हनुवटी सोडली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग उरला नव्हता. कमळीची पाटी तिने आपल्याकडे ओढली, वर बर्फ पसरला आणि म्हणाली, "रुतिकाला फोन लाव."

कमळीने हात धुतले. फोन चालू केला. आकडे दिसेनात, पण रुतिकाच्या नावापुढे तिचा फोटो होता, तो दाबला.

"आई, फोन का बंद? थेंब घातले का? काय झालं, दुखतंय?"

"नाय. दुखत नाय." मग म्हणाली, "उद्या कशाला, आजच जाऊ. त्या डॉक्टरला सांग, शिव म्हनावा."

पलीकडून रुतिका "मी येते," एवढंच म्हणाली.

थेंब सुंदराबाईने घातले. डोळ्याच्या कोपऱ्यात चिकटलेला खवला तिने पदराच्या टोकाने अलगद काढला. कमळीच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. उजव्याला ते कुठलं सुटायला. तिने ते पुसलं नाही. समोरून येणारी जाणारी माणसं पिशव्या घेऊन चालली होती आणि तिला सगळ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या. आता ती घाबरली होती, आणि ते तिने सुंदराबाईला सांगितलंही.

"घाबर," सुंदराबाई म्हणाली. "पर बाजार बुडालाय असा नको समजू. जागा हाय तितंच हाय."

कमळी उठली तसा सुंदराबाईने पालथा क्रेट उचलून जागेवर ठेवला.

रुतिका रिक्षाने आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं. ती ओरडेल अशी कमळीची खात्री होती, उत्तरंही तयार होती. पण पोर ओरडली नाही. बाजाराच्या तोंडाशी, बर्फाच्या गाडीला टेकून तिने सासूची हनुवटी उचलली आणि मोबाइलची बॅटरी लावली. सकाळच्यापेक्षा जास्त वेळ बघत राहिली.

आज विचारायची पाळी कमळीची होती.

"कसा हाय?"

रुतिकाने बॅटरी बंद केली. गॉगल उचलून सासूच्या डोळ्यांवर नीट बसवला, दोन्ही कानांमागे काड्या सरळ केल्या.

"ताजा आहे, आई."

कमळीने सगळा जन्म बाजारात काढला होता. माल कोण कसा सांगतं ते आवाजावरून ओळखायला तिला डोळा लागत नव्हता.

"इकायला शिकलीस, पोरी," ती म्हणाली.

रिक्षात रुतिका आधी चढली असती तर ती कमळीच्या उजव्या, बहिऱ्या कानाकडे आली असती, म्हणून कमळीच आधी चढली, आणि डावा कान सुनेच्या बाजूला येईल अशी बसली.