खाली ठेवा, उघडा, दाखवा

चंद्रप्रकाशने माझ्या संवादातला हुकूम कापला तेव्हा माझ्या अंगावर चंदेरी कागदाचा पोशाख होता. त्या पोशाखात जरा हाललं तरी खडखड आवाज होतो आणि भांडणाची शोभा जाते. म्हणून तेवढ्यापुरती मी गप्प बसले. एरवी माझ्या तोंडाला लागायची वेसाव्याच्या कोळीवाड्यात कुणाची छाती नाही.

साल चौऱ्याहत्तर. मुंबईत टीव्ही नवाच होता. मराठीत अवकाशयानाची मालिका करायची, असं या चंद्रप्रकाशच्या डोक्यात आलं. तो दिग्दर्शक. अंधेरीला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये त्याने प्लायवूडचं यान उभं केलं आणि मला यानाची कप्तान केलं. का, तर माझा आवाज. तो मी मासे विकणाऱ्या आईकडून घेतलाय.

तो हुकूमही मीच सुचवला होता त्याला. आमच्या होडीवर कोयता कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. हातात दिला तर भांडण होतं, असं म्हणतात. माझा बा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. तो म्हणायचा, भांडणाचं राहू दे, हलत्या होडीत बोटं जातात. मी तालमीत तेच केलं. कुणी पिस्तूल पुढे केलं की म्हणायचं, "शस्त्र खाली ठेवा. उघडा. दाखवा." मगच उचलायचं. चंद्रप्रकाश तेव्हा खूश झाला होता. "झकास, मथुराबाई, एकदम लष्करी वाटतंय," म्हणाला. आणि आता तोच म्हणत होता की भाग लांबतोय, हुकूम काढा.

"आणि अवकाशात खाली असं काही नसतंच. ठेवणार कुठे?"

"मग मी या खुर्चीत कशी बसलेय?" मी विचारलं. त्याने माझ्या कागदावरचं ते वाक्य पेनाने खोडलं.

पिस्तूल खोटं होतं, पण जाळ खरा होता. अंबादास नावाच्या आमच्या कारागिराने नळीत फटाक्याची दारू भरून आत बॅटरीची तार सोडली होती. बटण दाबलं की तोंडातून लख्ख आग. हुकूम काढून टाकला त्याच दिवशी अंबादासने आधीच भरलेली नळी पुन्हा भरली. उघडून दाखवायचं नव्हतं ना आता. मी बटण दाबलं आणि समोर बसलेल्या भिकाजीची भुवई जळून गेली.

भिकाजी मालवणकडचा, राहायला घाटकोपरच्या चाळीत, कामाला गिरणीत. हौसेने नाटकात यायचा. यानातला बंडखोर कैदी तो. पुढच्या प्रसंगात मला त्याच्या तोंडासमोर पिस्तूल धरून झाडायचं होतं.

"हुकूम परत घाला, नाहीतर मी बटण दाबणार नाही," मी चंद्रप्रकाशला सांगितलं.

"अंबादास बघेल सगळं. कच्ची फिल्म मिळायची मारामार आहे, बाई. पिस्तुलं उघडत बसायला माझ्याकडे फिल्म नाही."

"फिल्म दुसरी मिळेल. याला डोळे कुठून आणणार?"

भिकाजीने मला बाजूला ओढलं. जळक्या भुवईवर त्याने खोबरेल चोपडलं होतं. "बाय, तू गप रव. माझा काम जायत. सगळ्या चाळीक सांगून बसलंय मी."

"आणि डोळा गेला तर गिरणीत धागा कोण जोडणार रे? तुझी चाळ?"

मला त्याचा इतका राग आला की रडूच येईल असं वाटलं. ज्याच्यासाठी भांडायचं तोच हात धरतो.

चंद्रप्रकाशने मग सरळ मला काढलं. कप्तानाचा पोशाख सुलक्षणाला दिला. ती वायरलेसवाली झाली होती, विशीतली, बोलायला मऊ. मी घरी जायला हवं होतं. नाही गेले. शेडच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिले. म्हटलं, काय करायचंय ते माझ्या डोळ्यांदेखत करा.

कॅमेरा सुरू झाला. अंबादासने पिस्तूल कप्तानाच्या खुर्चीत बसलेल्या सुलक्षणाच्या हातात दिलं. भिकाजी गुडघ्यांवर, हात मागे बांधलेले. तिने नळी त्याच्या तोंडासमोर धरली. भिकाजीच्या मानेची शीर उडताना मला दारातून दिसत होती.

"थांब गो," भिकाजी म्हणाला. हे त्याचं वाक्य नव्हतं. "तांडेलाचो हुकूम नाय झालो अजून. आदी खाली ठेव ता."

सुलक्षणाने चंद्रप्रकाशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पिस्तूल खाली ठेवलं.

"कट!" चंद्रप्रकाश तरातरा आला. त्याने स्वतः पिस्तूल उचललं, मागचं झाकण फिरवून काढलं आणि नळी सगळ्यांसमोर उलटी केली. काहीच पडलं नाही. अंबादास दारू भरायलाच विसरला होता.

"बघा. रिकामं. यासाठी हा तमाशा? माझी फिल्म गेली."

अंबादास शरमेने जमिनीकडे बघत होता. दोन-चार जण माझ्याकडे बघून हसले, आणि मला क्षणभर खरंच ओशाळल्यासारखं झालं.

भिकाजी बांधलेल्या हातांनीच उठला. "रिकामा आसा ह्या उघडल्यावरच कळला ना, सायबानूं?" तो म्हणाला. "तवसर माका कसा कळतला?"

सुलक्षणा खुर्चीवरून उठली आणि पोशाखाचे बंद सोडायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कुणी बोलावलं नव्हतं. मी साडीवरच गेले आणि कप्तानाच्या खुर्चीत बसले.

"अंबादास," मी म्हटलं, "आता भर. इथे, भिकाजीच्या समोर भर."