तिरपे दात

माझी जीभ म्हणजे कात्री, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. इलेक्ट्रिक सायकलींच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान चालवते मी. "बाई, तुम्हाला जमेल का हो?" हे रोज उठून ऐकावं लागलं, की कुणाचीही जीभ मऊ राहत नाही.

दुकान खाली, घर टेकडीवर. चढण अशी, की माझ्या सायकलीच्या चाकातल्या मोटारीची रोज परीक्षा. त्या मोटारीत मधल्या दातेरी चाकाभोवती तीन छोटे नायलॉनचे गिअर फिरतात. मोटार तापली की ते मऊ पडतात आणि त्यांचे दात झडतात. दोनदा झडले, दोनदा सायकल ढकलत घरी आले. मग म्हटलं, बास झालं! नायलॉन काढून पोलादी गिअर बसवले. झाकणाला भोक पाडून आत पातळ तेल ओतलं. तारांच्या वेटोळ्यांची उष्णता ते तेल बाहेरच्या कवचापर्यंत आणतं आणि वारा ती उडवून नेतो. भरायचं मात्र बेतानं, अर्धी वाटी. जास्त झालं तर झिरपून ब्रेकच्या चकतीवर येतं, आणि मग उतारावर देवच आठवतो. चढ संपल्यावर मोटारीवर खुशाल हात ठेवावा, इतकी ती गार राहायला लागली.

एकच खोट होती. पोलादावर पोलाद फिरलं की किंचाळतं. तेलानं थोडं कमी झालं, पण खालच्या वळणापासून सगळ्यांना कळायचं, स्वारी येतेय. शेजारचे मास्तर खिडकी लावून घ्यायचे. मी म्हणायचे, घ्या लावून, मला काय!

पण घरच्यांचं मनाला लागायचं. मी आत पाऊल टाकलं की सगळे मुके. नवरा घरीच शिकवण्या घेतो, तो वह्यांत डोकं घालून. पोरगी नववीत, ती पुस्तकात नाक खुपसून. विचारलं तेवढंच उत्तर. मला वाटायचं, या किंचाळण्यानं डोकी उठत असतील बिचाऱ्यांची. एवढा आवाज घालवला, की माझ्याशी बोलतील, चार गोष्टी सांगतील. खरंच असं वाटायचं मला. हसा हवं तर.

तीन महिने त्याच्याच मागे होते. सरळ दात एकमेकांवर आदळतात, म्हणून ओरडतात. तिरपे दात एकमेकांत अलगद सरकतात. शेवटी भंगारातल्या एका मोटारीत तिरप्या दातांचा अख्खा संच सापडला. माझ्या मोटारीत तो बसेना. मग लेथवर त्या संचाचं बाहेरचं कडं केसभर केसभर घासत आणलं. दोन बोटं सोलली. शेजारचा वेल्डर म्हणाला, "वहिनी, एवढा जीव कशाला टाकताय? नवीन मोटार घ्या की!" मी म्हटलं, "तुमचं तोंड बंद करायला पण काही मिळतं का बघते भंगारात."

त्या संध्याकाळी वळण घेतलं आणि काय सांगू, नुसती टायरची सरसर! मास्तरांची खिडकी उघडीच राहिली. मला इतका आनंद झाला होता, की कधी एकदा घरी जाऊन दाखवते असं झालं होतं.

दारातच हसणं ऐकू आलं. आमच्या घरातलं! पोरगी कमरेवर हात ठेवून उभी होती. "अहो, ही बाटली उघडी कुणी ठेवली? मी मेले म्हणजे कळेल एकेकाला!" आवाज हुबेहूब माझा. नवरा पोट धरून हसत होता, डोळे पुसत होता. वीस वर्षांच्या संसारात मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. नक्कल खरंच झकास होती. मलाही हसू फुटलं, आणि मी हसतच आत गेले.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. नवरा ताडकन उठून वह्या गोळा करायला लागला. एकही धड हातात राहीना.

"आई," पोरगी म्हणाली, "तू वाजली नाहीस."

"वाजले असते तर काय केलं असतंस?"

"आवरलं असतं."

"काय आवरलं असतं? घर तर लख्ख आहे."

नवराच म्हणाला, "स्वतःला गं. वळणापासून दारापर्यंत तीन मिनिटं मिळतात आम्हाला. तेवढी पुरतात."

मग माझा तोल गेला. सोललेली बोटं त्यांच्या नाकासमोर नाचवली. तुमच्यासाठी राबले, तुमच्या कानांना त्रास नको म्हणून तीन महिने मरमर मेले, आणि तुम्ही माझ्या पाठीमागे माझा तमाशा करता? काय काय बोलले, आता आठवूही नये. दोघं खाली मान घालून ऐकत राहिले. दोघांनाही त्याची सवय होती, हे मला बोलता बोलताच दिसलं, आणि तरी माझं तोंड थांबेना.

थांबले ती दम लागला म्हणून. पोरगी रडलीबिडली नाही. तिनं अगदी हळू विचारलं, "आई, जुने गिअर फेकून दिलेस का गं?"

"नाही. दुकानात आहेत."

तिचा जीव भांड्यात पडला. मी समोरच उभी होते, मला स्पष्ट दिसलं.